श्रवणयंत्राची निवड (सोलापूरच्या मागकामगारांच्या संदर्भात)

श्रवणयंत्राची निवड : कमी ऐकू येणाऱ्या व्यक्तीच्या कानातील उणीव मोजून तिला अनुरूप असे ध्वनिवर्धक साधन ठरविणे व ते तिच्या कानास जुळवून देणे, या क्रियेस श्रवणयंत्राची निवड असे म्हणतात. आवाज जितका मोठा करावा तितके चांगले ऐकू येईल, ही सर्वसामान्य समजूत बरोबर नाही. बहिरेपणाचे प्रकार अनेक आहेत. कोणत्या कंप्रतेचा (दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येचा) ध्वनी किती कमी ऐकू येतो व कोणत्या पातळीनंतर तोच ध्वनी असह्य होतो, या दोन गोष्टी माणसागणिक भिन्न असतात. सदोष निवडीमुळे यंत्राचा उपयोग तर होत नाहीच, पण पुष्कळदा ते पेटीत पडून राहते आणि रुग्ण उपचाराबद्दल कायमचा निराश होतो. गोंगाटात दीर्घकाळ काम करणाऱ्या कामगारांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष बिकट असतो. सोलापूरसारख्या माग चालविणाऱ्या शहरात तो आरोग्याइतकाच उपजीविकेचाही प्रश्न आहे.

सोलापूर व माग : सोलापुरात हातमागाचा धंदा जुना असून साळी, कोष्टी, मोमीन तसेच तेलंगणातून येऊन स्थायिक झालेले पद्मशाली हे येथील प्रमुख विणकर समाज होत. मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. पुढे ती ‘जुनी गिरणी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्यामागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी इ. गिरण्या निघाल्या आणि गिरणीचा भोंगा शहराच्या दिनक्रमाचे मोजमाप झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. तथापि विणकाम थांबले नाही. ते शहराच्या पूर्व भागातील व औद्योगिक वसाहतीतील यंत्रमागांच्या लहानमोठ्या कारखान्यांत चालू राहिले. जॅकार्ड मागावर विणलेली सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल ही या धंद्याची सुप्रसिद्ध उत्पादने असून दोहोंना भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळालेले आहे.

हातमागाचा ठोका विणकराच्या हातापायांच्या गतीने पडतो. यंत्रमागात तो यंत्राच्या गतीने व अखंड पडतो. हातमागाकडून यंत्रमागाकडे झालेल्या स्थित्यंतराने उत्पादन वाढविले, त्याचप्रमाणे विणकराच्या कानावरील भारही वाढविला. या दुसऱ्या परिणामाची नोंद उत्पादनाच्या हिशेबात सहसा होत नाही.

मागाचा ध्वनी व त्याचा कानावरील परिणाम : धोट्याच्या यंत्रमागात धोटा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत दांडक्याच्या फटक्याने फेकला जातो आणि समोरच्या पेटीत आदळून थांबतो. या क्रियेची दर मिनिटास शंभराहून अधिक वेळा पुनरावृत्ती होते. फणीचा ठोका, दातेरी चाकांची खडखड व जॅकार्डची उघडझाप यांची त्यात भर पडते. एका छपराखाली असे अनेक माग ओळीने चालत असल्यास भिंतींवरून परावर्तित होणाऱ्या ध्वनीमुळे एकूण पातळी वाढते. धोट्याच्या मागांच्या खात्यात ती सामान्यपणे ९० ते १०५ डेसिबलच्या दरम्यान आढळते. डेसिबल हे लॉगरिथमी एकक असल्यामुळे त्यात ३ ची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जेत दुपटीची वाढ होय. म्हणून ९० व ९९ या आकड्यांमधील अंतर दिसते तितके लहान नसते. दुसऱ्या ठिकाणी कानावर पडणारी ऊर्जा पहिल्याच्या आठपट असते.

अंतर्कर्णातील शंखाकृती भागात (शंबूकात) असलेल्या रोमकोशिका ध्वनिकंपनांचे तंत्रिका-संदेशांत रूपांतर करतात. अतिरिक्त ध्वनीने त्या प्रथम शिणतात व विश्रांतीनंतर काही अंशी सावरतात. परंतु रोजच्या माऱ्याने त्या नाश पावतात. मानवात त्या पुन्हा उत्पन्न होत नाहीत, त्यामुळे हा बहिरेपणा औषधाने वा शस्त्रक्रियेने बरा होत नाही. हानीची सुरुवात ३,००० ते ६,००० हर्ट्‌झ या पट्ट्यात, विशेषतः ४,००० हर्ट्‌झच्या आसपास होते. श्रवणालेखावर (कंप्रतेनुसार श्रवणक्षमता दर्शविणाऱ्या आलेखावर) तेथे खाचेसारखा खळगा दिसतो. संपर्क चालू राहिल्यास खळगा खोल व रुंद होत जाऊन २,००० हर्ट्‌झपर्यंत पसरतो आणि वाढत्या वयात वार्धक्यजन्य बहिरेपणाची त्यात भर पडते.

या हानीचे स्वरूप फसवे असते. स्वरांची ऊर्जा मुख्यतः कमी कंप्रतांत, तर श, स, त, क, प यांसारख्या व्यंजनांची ओळख पटविणारा अंश उच्च कंप्रतांत असतो. त्यामुळे मागकामगारास माणूस बोलत आहे हे ऐकू येते, पण काय बोलत आहे हे कळत नाही. ‘साल’ व ‘शाल’, ‘पान’ व ‘कान’, ‘ताट’ व ‘पाट’ या जोड्यांतील भेद त्याच्या कानाला पुसट होतो. भोंगा, मोटारीचा आवाज किंवा ढोल त्याला नीट ऐकू येतो. पुरुषांच्या भारदस्त आवाजापेक्षा स्त्रियांचे व लहान मुलांचे बोलणे समजण्यास त्याला अधिक अडचण पडते. परिणामी घरातील माणसे ‘लक्ष देत नाही’ असा दोष त्याला देतात, तर तो स्वतः ‘लोक पुटपुटतात’ असे म्हणतो. दोहोंपैकी कोणासही बहिरेपणाचा संशय येत नाही आणि तपासणीस अनेक वर्षांचा विलंब होतो.

व्यवसायजन्य बहिरेपणाच्या अभ्यासाचा इतिहास : कामाच्या आवाजाने कान बधिर होतात हे ज्ञान जुने आहे. इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामात्सीनी यांनी कारागिरांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत तांबे ठोकणाऱ्या कारागिरांच्या बहिरेपणाचे वर्णन केले आहे. टॉमस बार यांनी १८८६ मध्ये ग्लासगो येथील बाष्पित्रे (बॉयलर) बनविणाऱ्या कामगारांची श्रवणशक्ती तपासून या हानीची व्याप्ती दाखविली. लँकाशरच्या कापडगिरण्यांत तर कामगारांनी ओठांच्या ठळक हालचाली व हातवारे यांची एक बोलीच घडविली होती. मागखात्यात एकमेकांचे शब्द कानांनी नव्हे, डोळ्यांनी टिपावे लागत, याची ती साक्ष होय.

मागकामगारांविषयीचा एक महत्त्वाचा अभ्यास स्कॉटलंडमधील डंडी येथील ताग विणणाऱ्या स्त्रियांवर झाला. डब्ल्यू. टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. बऱ्याच वर्षांच्या नोकरीत यंत्रे व त्यांचा आवाज जवळजवळ सारखाच राहिल्यामुळे किती वर्षांच्या कामाने किती हानी होते, हे तेथे स्पष्टपणे पाहता आले. ४,००० हर्ट्‌झच्या जवळची हानी पहिल्या दहा ते पंधरा वर्षांतच वेगाने होते आणि संभाषणास आवश्यक अशा त्याहून कमी कंप्रतांची हानी पुढे, वीस-पंचवीस वर्षांनंतर, वाढू लागते, असे त्यावरून दिसून आले. सारांश, कामगाराला स्वतःला बहिरेपणा जाणवू लागतो तेव्हा तो प्रत्यक्षात पुष्कळ जुना झालेला असतो. निष्कर्ष तागाच्या मागांचा असला, तरी धोट्याच्या सुती मागांनाही तो मार्गदर्शक आहे, कारण दोन्हींत ध्वनीचे उगमस्थान एकच, म्हणजे धोट्याचा आघात हे होय.

यंत्रांचा विकास : सर्वांत साधे श्रवणसाधन म्हणजे कानामागे धरलेला हाताचा पंजा. त्याचेच विकसित रूप म्हणजे कर्णे. रुंद तोंडाने गोळा केलेला ध्वनी अरुंद टोकातून कानात सोडणारे हे कर्णे सतराव्या शतकापासून यूरोपात वापरात होते. संगीतकार बेथोव्हन यांच्यासाठी योहान मेल्ट्सेल यांनी १८१२ नंतर असे काही कर्णे तयार केले होते. लंडन येथील एफ. सी. राइन यांच्या व्यवसायाने एकोणिसाव्या शतकात हे कर्णे विक्रीसाठी मोठ्या प्रमाणावर बनविले. कर्ण्यात निवडीला वाव फार थोडा होता. आकार व लांबी बदलणे एवढेच शक्य असे.

विजेवर चालणारी पहिली साधने दूरध्वनीच्या तंत्रातून निघाली. मिलर रीझ हचिसन या अमेरिकन संशोधकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्बन ध्वनिग्राहकाचा उपयोग करून श्रवणयंत्र बनविले आणि १९०२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती विक्रीस आणली. या यंत्रांत मध्यम कंप्रतांचे विवर्धन होई, पण उच्च कंप्रता त्यांतून जवळजवळ येतच नसत. मागकामगाराची मुख्य गरजच त्यांत भागत नव्हती. १९२० नंतर निर्वात नलिकांची यंत्रे निघाली. त्यांची शक्ती व स्पष्टता अधिक असली तरी प्रारंभी ती पेटीएवढी मोठी होती. १९३० नंतरच्या दशकात ती अंगावर बाळगण्याजोगी झाली. १९४८ मध्ये ग्रेट ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने ‘मेड्रेस्को’ हे यंत्र नागरिकांना विनामूल्य देण्यास सुरुवात केली. श्रवणयंत्र ही खाजगी चैन नसून सार्वजनिक आरोग्याची बाब आहे, हा विचार या योजनेने रूढ केला.

बेल प्रयोगशाळेत १९४७ मध्ये ट्रँझिस्टरचा शोध लागला. त्याचा उपयोग केलेली श्रवणयंत्रे १९५२ च्या अखेरीस बाजारात आली; सर्वसामान्य ग्राहकांच्या हाती आलेल्या ट्रँझिस्टरच्या अगदी पहिल्या वस्तूंत त्यांची गणना होते. यंत्र लहान झाले, विद्युत् घटाचा खर्च घटला आणि १९५० नंतरच्या दशकात चष्म्याच्या काडीत बसणारी व कानामागे ठेवण्याची यंत्रे निघाली. भारतात मात्र खिशात ठेवण्याच्या डबीस दोरीने जोडलेले यंत्र त्यानंतरही दीर्घकाळ प्रचलित राहिले. ते स्वस्त व दणकट असे, त्याचा विद्युत् घट सहज मिळे आणि तीव्र बहिरेपणाला पुरेशी शक्ती त्यात असे. उलटपक्षी, छातीवरील ध्वनिग्राहकावर कपड्यांची सळसळ उमटते, तसेच कमी कंप्रतांचे विवर्धन अधिक होते. माग चालविणाऱ्या ज्या माणसाला कमी कंप्रतेचे ध्वनी मुळातच नीट ऐकू येतात, त्याच्या बाबतीत असे यंत्र बोलणे स्पष्ट करण्याऐवजी गोंगाटच मोठा करते.

१९९६ मध्ये पूर्णतः अंकीय श्रवणयंत्रे बाजारात आली. त्यांत ध्वनीचे आकड्यांत रूपांतर करून निरनिराळ्या कंप्रतापट्ट्यांचे विवर्धन स्वतंत्रपणे ठरविता येते. २००० नंतर कर्णनलिका बंद न करता बारीक नळीने वा तारेने ध्वनी पोहोचविणारी उघडी जोडणी प्रचारात आली. यात कमी कंप्रतांचा ध्वनी नैसर्गिक मार्गाने कानात जातो व यंत्र केवळ उच्च कंप्रतांची भर घालते. मागकामगाराच्या श्रवणालेखास खऱ्या अर्थाने जुळणारे साधन अशा रीतीने सोलापुरात पहिली गिरणी निघाल्यानंतर सव्वाशे वर्षांनी उपलब्ध झाले.

निवडीच्या पद्धतींचा इतिहास : निवडीसाठी प्रथम मापन हवे. एर्न्स्ट वेबर (१८३४) व हाइन्रिख रिन्ने (१८५५) यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या स्वरकाट्याच्या (ट्यूनिंग फोर्कच्या) चाचण्यांनी बाह्य व मध्यकर्णातील वहनदोष आणि अंतर्कर्णातील संवेदनदोष यांमध्ये भेद करता येऊ लागला. डेव्हिड ह्यूझ यांनी १८७९ मध्ये विजेवर चालणारे श्रवणमापक सादर केले. १९२२ मध्ये निर्वात नलिकांवर आधारलेले, विक्रीसाठी बनविलेले श्रवणमापक अमेरिकेत निघाले. यानंतर प्रत्येक कंप्रतेस ऐकू येणारी किमान पातळी आकड्यांत मांडणे नित्याचे झाले.

श्रवणालेख मिळाल्यावर जितकी हानी तितके विवर्धन द्यावे, असे प्रारंभी वाटणे साहजिक होते. पण त्यामुळे मोठे ध्वनी असह्य होतात असे आढळले. सॅम्युएल लायबार्गर यांनी १९४४ मध्ये हानीच्या सुमारे निम्मे विवर्धन पुरेसे असते, असा नियम मांडला. त्यानुसार ६० डेसिबल हानीस सुमारे ३० डेसिबल विवर्धन लागते. दुसऱ्या महायुद्धात ऐकण्याची शक्ती गमावून परतलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनाने या शास्त्राला मोठी चालना दिली. रेमंड कारहार्ट यांनी १९४६ मध्ये निरनिराळी यंत्रे रुग्णाच्या कानाला लावून, शब्द किती ओळखता येतात हे पाहून त्यांतून एक निवडण्याची तुलनात्मक पद्धती प्रसिद्ध केली.

१९४७ मध्ये अमेरिकेतील हार्व्हर्ड विद्यापीठाचा अहवाल आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीचा अहवाल असे दोन अहवाल प्रसिद्ध झाले. बहुतेक रुग्णांना एकाच प्रकारचा, म्हणजे सपाट किंवा उच्च कंप्रतांकडे थोडा चढता, प्रतिसाद मानवतो. म्हणून प्रत्येकासाठी वेगळी निवड करण्याची गरज नाही, असा दोहोंचा सूर होता. तत्कालीन यंत्रांच्या मर्यादा पाहता हा निष्कर्ष व्यवहार्य होता आणि त्यामुळे एकाच नमुन्याचे यंत्र लाखो लोकांना पुरविणे ब्रिटनला शक्य झाले. परंतु उतरत्या श्रवणालेखाच्या रुग्णांवर, ज्यांत गोंगाटाने बधिर झालेले कामगार येतात, त्याने अन्याय झाला. सर्वांना सारखे आणि प्रत्येकाला योग्य या दोन तत्त्वांमधील हा ताण पुढील सर्व वाटचालीत दिसतो.

ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय ध्वनिशास्त्र प्रयोगशाळेतील डेनिस बर्न व विल्यम टॉनिसन यांनी १९७६ मध्ये श्रवणालेखावरून प्रत्येक कंप्रतेचे विवर्धन काढण्याचे सूत्र दिले. १९८६ मध्ये बर्न व हार्वी डिलन यांनी ते सुधारले. कॅनडात रिचर्ड सीवाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात मुख्यतः लहान मुलांसाठी दुसरी पद्धती विकसित केली. याच दशकात कर्णनलिकेत बारीक नळी घालून पडद्याजवळची ध्वनिपातळी प्रत्यक्ष मोजण्याचे तंत्र रूढ झाले. तेव्हापासून कागदावरील सूत्र कानात खरोखर उतरले की नाही हे पडताळता येऊ लागले. पुढे आलेल्या अरेखीय सूत्रांत हळू, मध्यम व मोठ्या ध्वनींसाठी वेगवेगळे विवर्धन सुचविलेले असते.

या अरेखीय विवर्धनाचे महत्त्व मागकामगारास विशेष आहे. रोमकोशिका नष्ट झालेल्या कानास हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज निरोगी कानाइतकाच किंवा अधिक त्रासदायक वाटतो. उदाहरणादाखल, एखाद्याची ऐकण्याची किमान पातळी ० वरून ६० डेसिबलवर गेली व असह्य पातळी १०० वरच राहिली, तर शंभर डेसिबलचा पल्ला आकसून चाळीसवर येतो. सर्व ध्वनींना सारखेच वाढविणारे यंत्र अशा कानात कधी अपुरे, तर कधी असह्य ठरते. ‘मोठ्याने बोला’ असे म्हणणारा माणूस पुढच्याच क्षणी ‘ओरडू नका’ असे का म्हणतो, याचे कारण हेच आहे.

भारतातील सोयी : श्रवण व वाचा यांच्या शास्त्राचे पद्धतशीर शिक्षण भारतात १९६० नंतरच्या दशकात सुरू झाले. म्हैसूर येथे १९६५ मध्ये अखिल भारतीय वाचा व श्रवण संस्था स्थापन झाली. मुंबईत नायर रुग्णालयाशी संलग्न अशा टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचे शिक्षण त्याच दशकात सुरू झाले. ९ ऑगस्ट १९८३ रोजी मुंबईत वांद्रे येथे महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांच्या नावाने राष्ट्रीय श्रवण संस्था निघाली. सोलापुरात १९६३ मध्ये डॉ. वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे कान-नाक-घसा तज्ञांची सेवा मिळण्यासाठी मुंबई-पुण्यास जाण्याची निकड जिल्ह्यातील रुग्णांना पूर्वीइतकी राहिली नाही.

यंत्राच्या किमतीचा प्रश्न सोडविण्यासाठी केंद्र शासनाने १९७२ मध्ये कानपूर येथे कृत्रिम अवयव निर्मिती निगम स्थापन केला. १९८१ पासून अपंग व्यक्तींना साधने घेण्यास साहाय्य करण्याची योजना सुरू झाली. २००७ मध्ये बधिरता प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम काही जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात हाती घेण्यात आला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल श्रवणहानी असलेली व्यक्ती ‘ऐकण्यास कठीण जाणारी’, तर ७० डेसिबल हानीची व्यक्ती ‘बधिर’ गणली जाते. ही पातळी संभाषणाच्या कंप्रतांवरून काढली जाते. मागकामगाराची हानी मुख्यतः त्यांहून वरच्या कंप्रतांत असल्याने त्याची प्रत्यक्ष अडचण मोठी असूनही प्रमाणपत्रावरील आकडा लहान भरतो आणि साहाय्याच्या कक्षेबाहेर राहण्याचा संभव असतो.

मागकामगारासाठी यंत्राची निवड : प्रथम कानातील मळ, मध्यकर्णाचा दाह, पडद्यास छिद्र इ. दोष तज्ञाकडून तपासून त्यांवर उपचार करावे लागतात. कारण वहनदोष पुष्कळदा औषधाने वा शस्त्रक्रियेने सुधारतो. कान वाहत असल्यास साच्याने नलिका बंद करणारे यंत्र अपायकारक ठरू शकते. श्रवणमापनापूर्वी कामगाराने किमान चौदा ते सोळा तास मागाच्या आवाजापासून दूर राहणे आवश्यक असते. पाळीहून थेट तपासणीस आल्यास कानाचा तात्पुरता शीण कायमच्या हानीत मिळून आकडा फुगतो व यंत्राचे विवर्धन गरजेपेक्षा अधिक ठरविले जाते.

कमी कंप्रतांचे श्रवण शाबूत असल्यास कानामागील यंत्र उघड्या जोडणीसह इष्ट असते. संपूर्ण नलिका बंद केल्यास स्वतःचाच आवाज रांजणात बोलल्याप्रमाणे घुमतो व रुग्ण यंत्र काढून ठेवतो. वाढत्या वयात कमी कंप्रतांतही हानी झाल्यावर कानाच्या मापाचा साचा लागतो. हानी दोन्ही कानांत जवळजवळ सारखी असल्यामुळे शक्य तेथे दोन यंत्रे वापरावीत. त्यामुळे आवाजाची दिशा कळते व गर्दीत बोलणे वेगळे काढता येते. ४,००० हर्ट्‌झच्या वर जेथे रोमकोशिका उरलेल्याच नाहीत, तेथे विवर्धन वाढवून काहीच साधत नाही, उलट ध्वनी विकृत होतो. कानात पूर्णपणे बसणारी लहान यंत्रे दिसत नाहीत म्हणून अनेकांना आवडतात. तथापि घाम, कापसाचे तंतू व कानातील मळ यांनी ती लवकर बिघडतात. बोटांना राठपणा आलेल्या वृद्ध विणकरास त्यांतील बारीक विद्युत् घट बदलणेही कठीण जाते. घट नेहमी मिळतो का, दुरुस्ती गावात होते का, हेही निवडीचेच प्रश्न आहेत.

शंबूकात विद्युत् अग्रे बसविण्याची शस्त्रक्रिया (कॉक्लिअर इंप्लांट) १९५७ मध्ये पॅरिस येथे आंद्रे जूर्नो व शार्ल एरिएस यांनी केलेल्या प्रयोगापासून विकसित होत गेली. ती अतितीव्र बहिरेपणासाठी, तसेच जन्मतः बधिर बालकांसाठी उपयुक्त असते. केवळ गोंगाटाने आलेली हानी सहसा त्या थरास जात नाही, त्यामुळे मागकामगारास तिची क्वचितच गरज पडते. दुसऱ्या टोकाला, तपासणीशिवाय बाजारात मिळणारी स्वस्त ध्वनिवर्धके सर्व कंप्रतांना सारखेच वाढवितात व कमाल पातळीवर पुरेसे नियंत्रण ठेवीत नाहीत. अशा साधनाने उरलेल्या रोमकोशिकांनाही धोका संभवतो.

यंत्र दिले म्हणजे निवड संपत नाही. अनेक वर्षे न ऐकलेले ध्वनी (भांड्यांची खणखण, कागदाची चुरचुर, पंख्याची घरघर) एकदम कानावर आल्याने प्रारंभी त्रास होतो. मेंदूला त्यांची सवय होण्यास काही आठवडे लागतात. या काळात शांत खोलीत एका व्यक्तीशी बोलण्यापासून सुरुवात करून वापराचे तास वाढवीत नेणे व दोन-तीन वेळा यंत्राचे पुनर्समायोजन करून घेणे अगत्याचे असते. घरातील माणसांनी समोर येऊन, सावकाश व न ओरडता बोलणे हा उपचाराचाच भाग होय. मागकामगारास ओठ वाचण्याची सवय बहुधा कामावरच लागलेली असते; यंत्राच्या जोडीला ती फार उपयोगी पडते.

भाषेचा प्रश्न : शुद्ध स्वरांच्या श्रवणालेखाबरोबरच शब्द किती ओळखता येतात याची चाचणी घेतात. १९४० नंतर अमेरिकेत यासाठी प्रमाणित शब्दयाद्या झाल्या, पण त्या इंग्रजीत होत्या. शब्दचाचणी रुग्णाच्या मातृभाषेतच घ्यावी लागते. अन्यथा कानाची उणीव व भाषेची अनोळख यांची गल्लत होते. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू या चारही भाषा घराघरांतून बोलल्या जातात. अनेक विणकर कुटुंबांत घरात तेलुगू, तर बाजारात मराठी असा व्यवहार असतो. मराठी याद्यांवर कमी गुण मिळविणारा तेलुगू भाषिक वृद्ध प्रत्यक्षात तितका बधिर नसण्याचा संभव असतो. महाप्राण व्यंजने, दंत्य व मूर्धन्य वर्णांतील फरक तसेच ‘चार’ व ‘चोर’ यांतील च चे दोन उच्चार हे मराठीतील भेद इंग्रजी याद्यांत तपासलेच जात नाहीत. भारतीय भाषांत अशा याद्या तयार करण्याचे काम वर उल्लेखिलेल्या संस्थांमधून झालेले आहे.

संरक्षण व कायदा : चालू मागाजवळ श्रवणयंत्र लावणे निरुपयोगी व घातक असते, कारण ते मागाचाच आवाज वाढविते. तेथे योग्य साधन म्हणजे कर्णरक्षक होय. फेसासारख्या पदार्थाचे बोळे किंवा कानावरील टोपणे नीट बसविल्यास कानात पोहोचणारा ध्वनी पुष्कळ घटतो. साधा कापूस मात्र फारसे संरक्षण देत नाही, आणि विणकराला सहज मिळणारी वस्तू तीच असल्यामुळे हा गैरसमज विशेष रूढ आहे. मागाच्या पायाखाली कंपशोषक बैठका बसविणे, झिजलेले भाग वेळेवर बदलणे आणि धोटाविरहित माग वापरणे, हे उगमस्थानीच ध्वनी घटविण्याचे उपाय आहेत.

कारखान्यांसाठीच्या आदर्श नियमांत आठ तासांच्या कामास ९० डेसिबल ही मर्यादा घालण्यात आली. १०० डेसिबलच्या आवाजात दोन तासांहून अधिक काम नसावे असे त्यांत सांगितले होते. अनेक देशांत ८५ डेसिबलपासूनच संरक्षणाचे उपाय सुरू करतात. गोंगाटजन्य श्रवणहानीचा समावेश १९४८ च्या कारखाने अधिनियमातील अधिसूचनीय रोगांच्या अनुसूचीत, तसेच १९२३ च्या नुकसानभरपाई अधिनियमातील व्यवसायजन्य रोगांत करण्यात आला. पुढे कामगारविषयक कायद्यांचे एकत्रीकरण २०२० च्या श्रमसंहितांत झाले. मोठ्या गिरणीत कामगार हजेरीपटावर असे, त्याची नोकरीची वर्षे मोजता येत आणि दाव्याला आधार राही. गिरण्या मोडून विणकाम लहान शेडांत विखुरले तेव्हा माग तेच राहिले, आवाजही तोच राहिला, परंतु कामगारसंख्येच्या मर्यादेमुळे अनेक ठिकाणी कायद्याची पकड सैल झाली.

सोलापूरच्या उदाहरणावरून श्रवणयंत्राच्या निवडीचे स्वरूप स्पष्ट होते. यंत्र अधिक शक्तिशाली, अधिक लहान किंवा अधिक महाग आहे यावरून ते योग्य ठरत नाही. कानाची हानी कोणत्या कंप्रतेस किती आहे, सहनशक्तीची मर्यादा कोठे आहे, माणूस कोणत्या भाषेत बोलतो, काय काम करतो व यंत्राची देखभाल कोण करणार, या सर्वांचा मेळ बसल्यासच ते उपयुक्त होते. अशा रीतीने जुळविलेले यंत्रही नष्ट झालेल्या रोमकोशिका परत आणीत नाही. त्यामुळे मागावर पहिल्या दिवशी उभ्या राहणाऱ्या तरुणास दिलेला कर्णरक्षक आणि दरवर्षी केलेले श्रवणमापन यांचे मोल तीस वर्षांनंतर दिलेल्या उत्तमोत्तम श्रवणयंत्रापेक्षा अधिक ठरते.